दोन किलोमीटर, दोन तास: छोट्या राखीव जंगलातली पहिली फेरी

छोट्या राखीव जंगलाच्या फाटकावर बहुतेक वेळा एक पाटी असते: 'फेरी २ किमी'. ती वाचून माणूस मनातल्या मनात हिशेब करतो, फार तर अर्धा तास. मग तो तसाच चालतो, अर्ध्या तासात बाहेर येतो आणि म्हणतो, "काहीच दिसलं नाही." दिसणार कसं? पावलांची चाहूल लागली की जवळची पाखरं गप्प होतात, सरडा खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो, पाचोळ्यातली खुडबुड थांबते. सगळं पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं लागतात आणि तोवर आपण पुढच्या शंभर मीटरमध्ये शांतता पसरवत गेलेलो असतो.

म्हणून २ किलोमीटरला २ तास. हे जास्त वाटत असेल तर फेरी अर्धी करा, वेग वाढवू नका.

चालण्याच्या वेळेचा एक जुना ठोकताळा मात्र पाठ असू द्या. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: दर ५ किलोमीटरला १ तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी १ तास. २ किलोमीटरच्या फेरीत एकूण ६० मीटर चढ असेल तर उत्तर येतं ३० मिनिटं. हा आकडा फिरण्यासाठी नाही, निघून येण्यासाठी आहे. आभाळ भरून आलं किंवा कुणाला बरं वाटेनासं झालं तर फेरीच्या सगळ्यात लांबच्या टोकावरूनही फाटक पंधरा-वीस मिनिटांवर आहे, हे माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही.

जंगल केवढं आहे, ते आधी पाहा

पाटीवर क्षेत्रफळ हेक्टरमध्ये दिलेलं असतं. एक हेक्टर म्हणजे १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद चौकोन. हा आकडा वाचून सोडून द्यायचा नसतो, कारण आत काय दिसेल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

जंगलाच्या काठावर ऊन आणि वारा आडवा आत शिरतो. तिथली जमीन लवकर वाळते, वेली आणि झुडपं माजतात, बाहेरचं तण घुसतं. हा परिणाम किती आत पोचतो ते जागेगणिक बदलतं, पण हिशेबाला ५० मीटर धरू. एक हेक्टरच्या चौकोनी जंगलात मग 'आतलं' असं जंगल उरतच नाही, सगळा काठच. दहा हेक्टरच्या चौकोनाची बाजू साधारण ३१६ मीटर भरते. चारी बाजूंनी ५० मीटर सोडले की आत उरतं पावणेपाच हेक्टरच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी. शंभर हेक्टरमध्ये ८१ हेक्टर उरतं. जंगल लांबट, चिंचोळं असेल तर आकडे याहून वाईट.

याचा उपयोग असा की छोट्या जंगलात खोल रानातल्या लाजऱ्या प्राण्यांची आस धरून जायचं नाही. फुलपाखरं, चतुर, कोळी, सरडे आणि काठावर रमणारे पक्षी मात्र इथे भरपूर, आणि पहिल्या फेरीला तेच बरे. दुसरं म्हणजे काठ संपून 'आत' कुठे सुरू होतं ते ओळखायचा प्रयत्न करा. हवा एकदम गार लागते, पायाखालचा पाचोळा करकरायचा थांबून दबायला लागतो, वेलींची गर्दी ओसरते, खोडांमधून लांबवर दिसू लागतं. कधी कधी हा बदल वीस-पंचवीस पावलांत होतो.

वेळ आणि हवा

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास पक्ष्यांसाठी सगळ्यात चांगले. ऊन तापल्यावर पक्षी मंदावतात, पण फुलपाखरं आणि सरडे तेव्हाच हालचालीला लागतात, कारण त्यांना अंग तापवायला ऊन हवं असतं. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले की अळंबी, गोगलगायी आणि खोडांवरचं शेवाळ पाहण्याजोगं असतं. सकाळी उशिरा उठणाऱ्याने दुपार वाया गेली असं मानू नये. त्याने मान खाली घालून फिरावं.

संध्याकाळी जायचं तर सूर्यास्ताच्या एक तास आधी फाटकाबाहेर यायचं ठरवूनच आत शिरा. झाडांच्या छताखाली अंधार बाहेरच्यापेक्षा बराच आधी होतो. किती वेळ उरलाय ते आत शिरण्याआधी मोकळ्यावर पाहून घ्या: हात पूर्ण लांब करून तळवा आपल्याकडे आणि बोटं आडवी धरा. सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये जितकी बोटं मावतात, तितकी पंधरा-पंधरा मिनिटं साधारण उरलेली असतात. चार बोटं म्हणजे तासभर. हा अंदाज ढोबळ आहे. ध्रुवांकडच्या प्रदेशांत सूर्य तिरका उतरतो, तिथे तो चुकतो.

सोसाट्याचा वारा असेल तर जाऊ नका. सापापेक्षा वरून पडणाऱ्या वाळक्या फांदीला जास्त भ्यावं, आणि ती पडताना आधी सांगत नाही.

अंगावर आणि पिशवीत

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायघोळ पँट, आणि पँट आत खोचता येईल इतके लांब मोजे. कपड्यांचे रंग मातकट, हिरवट, करडे. रंगापेक्षाही कापडाचा आवाज महत्त्वाचा: प्रत्येक पावलाला सळसळणारं नायलॉनचं जॅकेट घातलं की स्वतःच्याच आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही. बूट वापरलेले, पकड असलेले. नवे बूट अशा फेरीला घालून टाचेला फोड आणणारे पुष्कळ असतात.

पाणी तासाला अर्धा लिटर या हिशेबाने, म्हणजे दोन तासांना माणशी १ लिटर. थंडीत कमी लागतं, पण तितकंच न्या. चार्ज केलेला फोन, शिटी, बारीक टोकाचा चिमटा, एक रुंद क्रेप बँडेज, छोटी वही. लिहायला पेन्सिलच, कारण दमट कागदावर पेन रुसतं.

दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर तिच्यापायी फेरी पुढे ढकलू नका. विकत किंवा मागून घेणार असाल तर ८×४२ मागा. ८ म्हणजे आठ पट मोठं दिसणं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते: ४२ ÷ ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. झाडीतल्या अंधुक उजेडात बुबुळामधली बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणून चित्र उजळ दिसतं. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये हाच झोत तीन मिलिमीटरचा होतो, आणि पहाटे सगळे पक्षी काळे दिसतात. १० पटीची दुर्बीण नवख्याच्या हातात थरथरते आणि तिचा आवाकाही अरुंद असतो.

ती डोळ्यांना बसवून घेणं हे काम घरी करायचं, जंगलात नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत दाबा, नसेल तर बाहेर ओढा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने लांबची एखादी पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि मधलं चाक न हलवता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. यानंतर फक्त मधलं चाक. पक्षी शोधताना नजर त्याच्यावरून काढायची नाही. डोळे तिथेच रोखून दुर्बीण वर आणायची. नवखे दुर्बीण लावून मग पक्षी शोधतात आणि फक्त पानं पाहून येतात.

दुर्बिणीच्या मानाने स्वस्त आणि छोट्या जंगलात जास्त उपयोगी म्हणजे १० पटीचं हातभिंग. ते डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचं आणि पान भिंगाकडे आणायचं, सुमारे अडीच सेंटिमीटरवर येईपर्यंत. हात लांब करून भिंग पानावर धरलं तर काहीच साधत नाही.

फाटकापाशी पाच मिनिटं

नकाशाच्या फलकाचा फोटो काढा. फलकावर 'तुम्ही इथे आहात' ही खूण शोधा आणि उत्तर कुठे दाखवली आहे ते पाहा. बरेच फलक उभे करताना समोर दिसणारं दृश्य वर ठेवलेलं असतं, उत्तर नव्हे. नकाशाचं प्रमाण दिलं असेल तर १:१०,००० मध्ये १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १०० मीटर, १:२५,००० मध्ये २५० मीटर. तुमच्या फेरीच्या खुणांचा रंग कोणता आणि त्या कशावर आहेत, खांबांवर, दगडांवर की झाडांवर, हे विचारून घ्या.

सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा दिशेने फेरी सुरू करता आली तर करा. समोरून ऊन असलं की प्रत्येक पक्षी नुसती काळी सावली. परतायची वेळ घरी कुणाला तरी सांगून ठेवा.

अंतर मोजायची सवय इथूनच लावावी. एकाच पायाची पावलं मोजायची, म्हणजे डावं पाऊल पडलं की एक. सपाटीवर बहुतेक प्रौढांची १०० मीटरला ६० ते ६५ मोजणी होते. चढावर आणि झाडीत ती वाढते. आपला आकडा एकदा मोजलेल्या रस्त्यावर काढून ठेवला की 'फाटा ३०० मीटरवर' या पाटीचा खरा उपयोग होतो.

चाल

चाळीस-पन्नास पावलं, मग अर्धा मिनिट थांबा. थांबताना उघड्यावर नको, एखाद्या खोडाशेजारी थांबा. नजर एका जागी रोखू नका, सैल सोडा. डोळ्याच्या कडेला हालचाल पटकन कळते, बारकावे मात्र मध्यभागीच. आधी हालचाल पकडा, मग तिकडे पाहा.

चार-पाचांहून मोठा गट असेल तर दोन भाग करून पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा. एकामागोमाग एक चाला आणि पुढचा माणूस दर थोड्या वेळाने बदला, कारण शेवटच्याला पुढच्यांच्या पाठींखेरीज काही दिसत नाही.

वाटेत चिखल असेल तर मधूनच जा. कडेने वळसा घेतला की वाट रुंद होते, पुढच्या माणसाला आणखी रुंद वळसा घ्यावा लागतो. झाडांची बारीक, पाणी शोषणारी मुळं बहुतांशी वरच्या ३० सेंटिमीटर मातीत असतात. ती माती पायांनी चेपली की तिच्यातली हवा जाते, पाणी मुरत नाही आणि वाटेकडेची झाडं हळूहळू खंगतात.

दहा मिनिटं नुसतं बसा

फेरीत एकदा तरी, शक्यतो पाण्याजवळ किंवा पडलेल्या झाडामुळे मोकळ्या झालेल्या जागेपाशी, खोडाला पाठ लावून दहा मिनिटं बसायचं. बसण्याआधी खाली मुंग्यांची रांग नाही ना ते पाहा. पक्षी मोजणारे अभ्यासकसुद्धा एका जागी उभं राहून पाच किंवा दहा मिनिटं मोजणी करतात, त्यामुळे हा आळशीपणा नाही.

वहीत एक वर्तुळ काढा, मधोमध स्वतः. आवाज येईल त्या दिशेला एक खूण, जवळचा असेल तर मधल्या बाजूला, लांबचा असेल तर कडेला. पक्ष्याचं नाव माहीत असायची गरज नाही. 'टुक-टुक', 'खरखर', 'शीळ चढत जाते' असं लिहा. दोन्ही तळवे कानांमागे पंख्यासारखे धरले की समोरचे आवाज लक्षात येण्याइतके मोठे होतात. हळूहळू डोकं फिरवून दिशा पक्की करा.

पहिली दोन-तीन मिनिटं रिकामी जातात आणि नवखे नेमके तेव्हाच उठतात. पुढे गंमत असते. जंगलात बरेच छोटे पक्षी वेगवेगळ्या जातींचे मिळून थव्याने चरतात: कुणी सालीतले किडे टिपतो, कुणी पानांच्या टोकांवरचे, कुणी इतरांनी उडवलेले हवेतच पकडतो. अशा थव्याच्या वाटेत तुम्ही गप्प बसलेले असाल तर मघाशी ओसाड वाटणारं झाड बघता बघता भरून जातं, आणि पाच मिनिटांत पुन्हा रिकामं होतं. मागे धावू नका. थवा पुढे जातो, तुम्ही आवाज करता, पदरात काही पडत नाही.

एक झाड निवडा

सगळी झाडं ओळखायच्या मागे लागलं की एकही ओळखता येत नाही. एकच घ्या आणि खालून वर जा.

पानापासून सुरुवात. नवख्यांची नेहमीची गफलत म्हणजे पर्णिकेला पान समजणं. कडुनिंबाची काडी आणि तिच्यावरच्या सगळ्या पर्णिका मिळून एक पान होतं. आंब्याचं प्रत्येक पान मात्र स्वतंत्र. ओळखायची खूण पक्की आहे: पानाच्या देठाच्या बगलेत, फांदीला लागून, एक छोटी कळी किंवा डोळा असतो. पर्णिकेच्या बगलेत तो कधीच नसतो. डोळा सापडेपर्यंत देठावरून फांदीच्या दिशेने मागे जा. डोळा सापडला, तिथे पान सुरू झालं. मग पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते पाहा. एवढ्या दोन उत्तरांनी ओळखीच्या पुस्तकातली बरीच पानं उलटायची वाचतात.

आता त्याच झाडाची दहा-बारा पानं उजेडाच्या दिशेने धरून पाहा. तोडू नका, फांदी जरा वाकवली तरी पुरे. एखाद्या पानावर पांढुरकी, वेडीवाकडी रेघ दिसेल. ती नागअळीची वाट. पतंगाच्या किंवा माशीच्या जातीतली ही इवलीशी अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या सालींच्या मधला गर खात पुढे सरकते. रेघेचं एक टोक केसासारखं बारीक असतं, तिथे ती अंड्यातून निघाली. दुसरीकडे रेघ रुंद होत जाते, कारण खाता खाता अळी मोठी झाली. भिंगातून पाहिलं तर रेघेच्या आत काळे ठिपके किंवा दोरी दिसते, ती तिची विष्ठा. रुंद टोकाला छोटं भोक किंवा फाटलेली साल असेल तर अळी बाहेर पडून गेली. भोक नसेल तर ती अजून आत असू शकते. एका पानावर एका जिवाचं सगळं बालपण असं लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला दुर्बीण लागत नाही.

साल पाहताना दगडफूल शोधा. हे शेवाळ नव्हे. एक बुरशी आणि तिच्यात राहणारं एकपेशीय शैवाल किंवा निळं-हिरवं जिवाणूशैवाल अशी ती भागीदारी असते. सालीला पोपड्यासारखं घट्ट चिकटलेलं, पानासारखं कडा सुटलेलं आणि झुडपासारखं लोंबणारं असे तीन ढोबळ प्रकार. गंधकाच्या धुराने दूषित झालेल्या हवेत झुडपी प्रकार आधी नाहीसे होतात, पोपड्यासारखे जास्त तग धरतात. दगडफूल वर्षाला काही मिलिमीटर, पोपडे तर बऱ्याचदा त्याहूनही कमी वाढतात. नखाने खरवडून पाहायचा मोह आवरा.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजायचा असतो. काही देशांत १.३७ मीटर धरतात. झाड उतारावर असेल तर चढाकडच्या बाजूने उंची धरा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. उंचीसाठी काठी पुरते. मूठ सरळ समोर धरा, डोळ्यापासून मुठीपर्यंत जितकं अंतर, तितकी काठी मुठीच्या वर उभी राहील अशी पकडा. मग मागे मागे जा, मुठीची वरची कड खोडाच्या बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत. जिथे जुळलं तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. हे सपाटीवरच खरं ठरतं. आणि मागे जाताना मागे पाहा.

पडलेला ओंडका

पाहण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच. जंगलात पडलेलं झाड साफ करायचं राहून गेलेलं नसतं. ते बुरशी, भुंगेरे, वाळवी, गोम, सरडे यांचं घर असतं, आणि त्या घराच्या वरच्या फटीतून आलेल्या उजेडासाठी आजूबाजूच्या रोपांची शर्यत लागलेली असते.

ओंडक्यावर फळीसारखी बाहेर आलेली कडक बुरशी शोधा. तिचा खालचा पृष्ठभाग बारीक छिद्रांचा असतो आणि बीजाणू तिथून खाली झडतात, म्हणून तो पृष्ठभाग नेहमी जमिनीकडे तोंड करून वाढतो. आता ओंडक्यावरची फळी जमिनीला समांतर आहे की उभी, ते पाहा. जमिनीला समांतर असेल तर ती झाड पडल्यानंतर आली. कडेवर उभी दिसत असेल तर झाड उभं असतानाच ती त्यावर होती, म्हणजे झाड पडण्याआधीच आतून पोखरलं जात होतं. कधी एकाच फळीला जुना उभा भाग आणि त्यावर काटकोनात वळलेली नवी वाढ दिसते. झाड त्या दोन वाढींच्या मध्ये कधीतरी कोसळलं.

मुळासकट उपटून पडलं असेल तर बुंध्यापाशी खड्डा आणि मुळांना लागलेल्या मातीचा उंचवटा दिसतो. लाकूड पूर्ण कुजून गेल्यावरही ही खड्डा-उंचवट्याची जोडी दीर्घकाळ टिकते. सपाट जंगलात विनाकारण वाटणारा उंचवटा दिसला की शेजारी खड्डा आहे का पाहा.

छोटा ओंडका उलटून पाहायची परवानगी असेल तरच उलटा. तेव्हाही तो आपल्या बाजूला ओढून उलटायचा, म्हणजे खाली साप किंवा विंचू असला तर ओंडका तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो आणि त्याला पलीकडे पळायला वाट मिळते. पाहणं अर्ध्या मिनिटात उरका, कारण खालचे जीव ओलाव्यावर जगतात. ठेवताना सावकाश, जसा होता तसाच. उलटा ठेवलेला ओंडका म्हणजे मोडलेलं घर.

वाट चुकली तर

दोन किलोमीटरच्या फेरीत कुणी चुकत नाही असं वाटतं. चुकतात, आणि कारण ठरलेलं असतं: जनावरांची किंवा पाण्याच्या ओघळाची वाट पायवाट समजून तिच्यात शिरणं. प्रत्येक फाट्यावर वळून मागे पाहायची सवय ठेवा. परतताना तेच दृश्य समोर येणार असतं, आणि जाताना पाहिलेल्या दृश्यासारखं ते मुळीच नसतं. रंगाची खूण दिसून शंभर मीटर झाले आणि पुढची दिसली नाही तर थांबा, शेवटच्या खुणेपर्यंत मागे जा. 'पुढे मिळेलच' म्हणून जाऊ नका.

'सरळ चालत राहिलं की बाहेर पडू' यावरही भरवसा नको. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. जंगलात सूर्य दिसत असताना माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी मात्र आपण सरळच चाललोय या समजुतीत ती गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडून गेली. शेवाळ उत्तरेला उगवतं हेही धरून चालू नका. जिथे ओल टिकते तिथे ते उगवतं, मग दिशा कोणतीही असो.

फोनवरचा नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर रेंज नसतानाही जागा कळते, पण दाट झाडीत ती दहा-वीस मीटरने, कधी जास्तही चुकते. ठिपका वाटेच्या थोडा बाजूला दिसला म्हणून झाडीत घुसू नका. काहीच जमेना तर एका जागी थांबा, शिटीचे तीन आवाज, मिनिटभर शांत, पुन्हा तीन.

चावणारं, खाजवणारं, कडाडणारं

गोचीड गवताच्या पात्यांवर वाट पाहत बसते आणि अंगावर आली की कातडीची मऊ घडी शोधते. चिकटली असेल तर चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि पिळ न देता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काही लावू नका, त्याने ती चिडते आणि जंतू जखमेत सोडायची शक्यता वाढते. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. जळू नखाने बाजूला सारता येते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, कारण ती गोठू न देणारं द्रव्य सोडते. दाबून धरलं की थांबतं.

आडव्या ओंडक्यावरून उडी मारून पलीकडे जाऊ नका. आधी त्यावर पाय ठेवा, पलीकडे पाहा, मग उतरा. साप पलीकडच्या सावलीत असू शकतो. दिसला तर थांबा, दोन-तीन मीटर मागे सरका, त्याला जाऊ द्या. चावलाच तर त्या अवयवाला आधाराची सरळ काठी (खपाची) बांधून तो हलू देऊ नका, अंगठ्या आणि घड्याळ काढा आणि लगेच रुग्णालय गाठा. कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं यातलं प्रत्येक नुकसानच करतं.

मधमाश्या उठल्या तर हात झटकू नका, चेहरा झाकून पळा आणि बंद जागा गाठा. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, त्या वर थांबतात. माशीने कातडीत सोडलेला डंखाचा काटा कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. खाजकुइलीसारख्या वनस्पतीचे केस लागले तर आधी चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर फेरी सोडून इमारत किंवा बंद गाडी गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. वाटेत एकट्या उंच झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट.

काही गोष्टी करायच्या नाहीतच

फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं प्रतिस्पर्धी आला, आणि घरटं सोडून तो भांडायला येतो. घरट्याचा फोटो जवळून काढू नका. पान, पीस, बी खिशात घालायच्या आधी तिथला नियम वाचा. फळांच्या साली 'कुजून जातील' म्हणून टाकू नका. कुजायला त्यांना महिने लागतात आणि तोवर प्राण्यांना वाटेकडे यायची सवय लागते. अळंबी कितीही ओळखीची वाटली तरी खाऊ नका.

बाहेर आल्यावर

फाटकाजवळच बुटांच्या तळाच्या खाचांतली माती काडीने काढा, ब्रशने झाडा. मोज्यांना चिकटलेली बियाणं वेचून तिथेच ठेवा. हे नुसतं टापटिपीसाठी नाही. न्यूझीलंडमधले प्रचंड कौरी वृक्ष मातीतून पसरणाऱ्या एका रोगाने मरतात, आणि तो एका जागेवरून दुसरीकडे पोचायला बुटाला लागलेली चिमूटभर माती पुरते. तिथल्या जंगलांच्या वाटांवर म्हणूनच बूट धुवायची ठाणी बसवली आहेत. एकाच दिवशी दोन जंगलांत जाणार असाल तर मधे बूट धुऊन वाळवा.

घरी आल्यावर लगेच आंघोळ करा आणि गुडघ्यामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली, कानांमागे, केसांच्या मुळांशी गोचीड शोधा. कपडे धुण्याआधी कडक उन्हात टाका किंवा ड्रायरमध्ये गरम करा, नुसत्या गार पाण्याने ती मरत नाही. वहीत तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, हवा, आणि निवडलेल्या झाडाचा घेर लिहा. घेर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवर मोजायचा, म्हणून खोडाच्या कोणत्या बाजूने, कोणत्या खुणेपासून फीत लावली तेही लिहून ठेवा.